मामा तलावाचा रस्सा

भंडाऱ्यापासून समुद्र इतका लांब, की इथं तो पोचतो तो वाळूनच. आठवडी बाजारात पोत्यांवर पसरलेले सुके बोंबील आणि सुकट, एवढीच त्याची खूण. ताजी मासळी मात्र इथल्या माणसाला समुद्राकडे मागावी लागत नाही. वैनगंगा आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना गावोगावी तलाव आहेत. कोहळी समाजानं गोंड राजवटीपासून बांधत आणलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले, आणि १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून नोंदले गेलेले. लोकांनी त्यातली दोन आद्याक्षरं उचलली आणि नातं जोडून टाकलं: मामा तलाव.

या तलावांच्या काठी मासेमार ढिवरांची घरं असतात. मासळी खायची तर तिथं. साकोली-लाखनीकडे महामार्गावर ढाबे पुष्कळ, पण ढाब्यावरच्या दाट मसाल्यात मासा तलावातून आला की बर्फाच्या पेटीतून, हे जिभेला कळेनासं होतं. मला जो रस्सा आठवतो तो साकोली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या घरचा. कार्तिकातली दुपार होती, धानाची कापणी चालली होती. ओसरीवर पाट मांडला होता. ताटात चिन्नोरचा भात, वाटीत मरळीचा रस्सा, कडेला मीठ आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. बस्स.

मरळ घरी येते ती जिवंत. तिला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते. तलाव आटला तर ओल्या चिखलात दडून राहते. अंगावर बुळबुळीत थर असतो. घरच्या बाईनं चुलीतली राख चोळून तिला खरबरीत दगडावर उलटीपालटी घासली, मग मीठ-हळद लावून तीन पाण्यांनी धुतली. एवढं केलं की चिखलाचा वास जातो, पण मातीचा अगदी बारीक स्वाद मागं उरतो. शहरातले खवय्ये त्याला दोष मानतात आणि लिंबू पिळून मारून टाकतात. मला तो या माशाचा पत्ता वाटतो. ज्या पाण्यात ती वाढली, ते पाणी त्या स्वादात आहे. तो पुसला तर उरतं नुसतं पांढरं, घट्ट, चांगलं मांस, आणि तसं मांस कुठंही मिळतं.

रस्सा पातळ होता, आणि तो पातळच हवा. निखाऱ्यावर भाजून वाटलेला कांदा, लसूण, धणे, फोडणीला जवसाचं तेल, आंबटपणाला वाळवलेल्या कैरीच्या दोन फोडी. जवसाच्या तेलाला एक गवताळ कडसरपणा असतो. नवख्याला तो खटकतो, मरळीच्या मातीशी मात्र त्याचं फार जमतं. मिरची भिवापूरची. भिवापूर भंडाऱ्यातल्या पवनीच्या शेजारचंच, पण नागपूर जिल्ह्यात. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही आहे. म्हणजे एका साध्या ताटात दोन मानांकनं येऊन बसली होती, आणि वाढणारीला त्याचं काही विशेष नव्हतं. वरून सांबार. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर; पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी दचकू नये.

मी घाईनं रस्सा ओतायला गेलो, तर बाईनं थांबवलं. “भात मोकळा करा जी आधी, मंग घ्या.” तिचं बरोबर होतं. चिन्नोर सुवासिक आणि मऊ. गोळा तसाच राहिला तर रस्सा वरच्यावर फिरतो. बोटांनी मोकळा केला की दाण्यादाण्यात उतरतो. पहिल्या घासाला भाताचा वास पुढे असतो. तिखट मागून येतं, घशाच्या तोंडाशी थांबतं. कैरीचा आंबटपणा तिखटाला खाली नेतो, आणि सगळं उतरून गेल्यावर, घास संपला असं वाटत असताना, ती माती लागते. प्यायला काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच: वाटीतला उरलेला रस्सा, वाटी तोंडाला लावून.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. किनाऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. शेजारच्या तेलंगणानं मात्र मरळ निवडली आहे, आणि भंडाऱ्याचं मत विचारलं असतं तर तेही तिकडेच पडलं असतं, याची मला खात्री आहे.

पण मरळ आता सहज मिळत नाही. मत्स्यपालनासाठी तलावांत बीज सोडतात ते रोहू, कतला, मृगळ यांचं. मरळ लहान मासे खाते, म्हणून बीज सोडणाऱ्याला ती नकोशी. त्यात तलावाच्या कडेनं बेशरम ही झुडपी वनस्पती माजली की पाण्यातल्या मूळ वनस्पती हटतात, आणि त्यांच्या आडोशानं वाढणारी स्थानिक मासळीही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांना सोबत घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पर्यावरणाचं काम म्हणून त्याचं कौतुक झालं. मला ते स्वयंपाकघराचंही काम वाटतं, कारण रश्शातल्या त्या शेवटच्या चवीची सुरुवात तिथं होते. नदीच्या मासळीबद्दल मी इतकं निःशंक बोलणार नाही. नाग नदी नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणते, आणि पुढे गोसीखुर्द धरणाला ते पाणी अडून उभं राहतं. तिथला मासाही आपल्या पाण्याची चव सांगणारच.

त्या दुपारी मरळीचं डोकं माझ्या ताटात आलं होतं. ते पाहुण्याचं असतं. गालफडातलं मांस काढून, हाडं चोखत मी इतका वेळ बसलो, की भात गार झाला. बाईनं काही न बोलता तो भात काढून घेतला आणि गरम वाढला.