‘बिनइंजेक्शन’ची भुरळ

‘बिनइंजेक्शन, बिनटाका, बिनपट्टी’ ही मोतीबिंदूची जाहिरात आपण सगळ्यांनी वाचलीय. आमचा आक्षेप पहिल्या शब्दावर आहे.

थेंबांची भूल काही कालची नाही. 1884 साली कार्ल कोलरनं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला होता. थेंबांनी दुखत नाही, पण डोळा हलतच राहतो. फेकोचा बारीक छेद आणि सूचना पाळणारा पेशंट असेल तर उत्तमच. इथं माळशिरसकडं मात्र आजोबा येतात तेच मोतीबिंदू पार पिकल्यावर, त्यात ऐकायला कमी. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा डोळा निश्चल हवा, म्हणून डोळ्याभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन. त्यालाही धोका आहेच: मागं रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुई डोळ्यात घुसते, मोठ्या मायनस नंबरवाल्यांत जास्त. बोथट नळीनं दिलेली सब-टेनन भूल हा धोका बराच कमी करते. तिची जाहिरात कुठं दिसते का?

हे आधी कुणी सांगत नाही. मग टेबलावर सुई दिसली की आजोबा म्हणतात, “फसवलं!” आणि नेमकं तेव्हाच डोकं हलवतात.