तीन उणिवांचा एक पेला

व्हिएतनामची ‘का फे सुआ दा’ ही बर्फातली गोड कॉफी तीनच जिनसांची आहे: कडक कॉफी, डब्यातलं आटवलेलं गोड दूध आणि बर्फ. या तिघांपैकी एकालाही एरवी फारसा मान नाही. रोबस्टा जातीच्या कॉफीला जाणकार दुय्यम समजतात. ताजं दूध हाताशी असेल तर डब्यातल्या दुधाकडे कुणी वळत नाही. आणि बर्फ तर चांगल्या कॉफीत पाणीच कालवतो. पण ही तिन्ही एका काचेच्या ग्लासात ठरल्या क्रमाने आली की त्यांच्यातून जे पेय घडतं, ते मला थंड पेयांमध्ये सर्वांत देखण्या रचनेचं वाटतं. एकाची उणीव दुसऱ्याने सांभाळायची, हे या रचनेचं मर्म आहे. ते नीट उमगायला हा ग्लास तळापासून वर वाचत जायला हवा.

तळाशी असतं दूध. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 40 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. दुधातलं निम्म्याहून अधिक पाणी आटवून काढायचं आणि भरपूर साखर घालायची, की जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. म्हणून बंद डबा फ्रिजविना महिनोन्महिने टिकतो. अमेरिकेत गेल बोर्डन यांनी दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट 1856 साली मिळवलं. पुढच्याच वर्षी, 1857 मध्ये, फ्रेंच कॅथलिक धर्मप्रसारकांनी व्हिएतनाममध्ये कॉफीचं झाड नेलं. फ्रेंचांना कॉफीत दूध हवं होतं, पण त्या देशात दुभती जनावरं पाळण्याची परंपरा नव्हती, आणि त्या उष्ण, दमट हवेत ताजं दूध टिकणारही नव्हतं. डबा आला तो नाइलाज म्हणून.

या नाइलाजानेच कॉफीला तिचा गोडवा दिला. आटवताना दुधाला एक खरपूस, बासुंदीच्या जवळ जाणारी चव येते. नुसत्या दूध-साखरेत ती नसते. शिवाय हे दूध कॉफीपेक्षा जड असल्यामुळे तळाशीच बसून राहतं. वरून काळी कॉफी पडत असताना खाली पांढरा थर जसाच्या तसा दिसतो. पेयातला विरोध चवीला येण्याआधी डोळ्यांना दिसतो, तो असा.

या दुधावर बसतो ‘फिन’. सच्छिद्र बूड असलेली, ग्लासाच्या काठावर टेकणारी धातूची बैठक आणि वाटी, भुकटी दाबायची चकती आणि झाकण एवढंच हे साधन. आपल्याला परिचित असलेल्या दाक्षिणात्य फिल्टरशी त्याचं जवळचं नातं आहे. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत ज्यांनी डिकॉक्शनची कॉफी घेतली आहे, त्यांना त्याची ओळख वेगळी सांगायला नको. वाटीत 20 ग्रॅम जाडसर भुकटी घालून वर चकती ठेवायची. उकळी येऊन किंचित निवलेलं पाणी आधी फक्त 30 मिलीलिटर ओतायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. या वेळात भुकटी फुगते, भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडतो, आणि मग पाणी सगळीकडे सारखं मुरतं. त्यानंतर आणखी 90 मिलीलिटर पाणी घालून झाकण ठेवायचं.

आता थेंब पडू लागतात. चार-पाच मिनिटांत सगळी कॉफी उतरायला हवी. त्याआधीच संपली तर भुकटी फार जाड आहे आणि कॉफी पाणचट होणार. थेंब अडखळू लागले तर भुकटी फार बारीक आहे किंवा चकती जास्त दाबली गेली आहे, आणि कॉफी तुरट होणार. या पेयाची लय थेंबांच्या चालीत आहे, आणि पेय जमलं की नाही हे चव घेण्याआधी तिच्यावरूनच कळतं. हनोईच्या आणि सायगॉनच्या पदपथांवर बुटक्या स्टुलांवर बसलेली माणसं या चालीला घाई करत नाहीत. तिथे फिन गिऱ्हाइकाच्या पुढ्यातच ठेवला जातो; वाट पाहणं हा पिण्याचाच पहिला भाग असतो.

जे थेंब उतरतात ते रोबस्टाचे. या जातीत कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, क्लोरोजेनिक आम्लही जास्त, उलट नैसर्गिक साखर आणि तेल कमी. म्हणून ती कडू आणि राकट लागते. मध्य व्हिएतनामच्या पठारावर, दाक लाक प्रांतात बुओन मा थुओत या शहराच्या आसपास तिचे विस्तीर्ण मळे आहेत. 1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर ही लागवड झपाट्याने वाढली आणि ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनाम जगातला दुसरा मोठा कॉफी उत्पादक देश झाला. त्यातली बहुतेक सगळी कॉफी रोबस्टाच. तिथे ती गडद भाजतात, भाजताना बऱ्याचदा लोणीही घालतात. फिनला कागदाची गाळणी नसल्यामुळे तेलाचा अंश आणि अगदी बारीक कण ग्लासात उतरतात, आणि कॉफीला अंग येतं.

अरेबिकाची नाजूक, फळांच्या आंबुसपणाची कॉफी या दुधावर ओतून पाहिली तर ती त्यात हरवून जाते. एवढ्या गोडव्यापुढे उभं राहायला रोबस्टाचाच कडवटपणा लागतो. दुसरीकडे दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि तिची धार बोथट करतात. जो कडवटपणा एकटा असता तर नकोसा झाला असता तो इथे गोडाला आवर घालतो, आणि जो गोडवा एकटा असता तर घशाशी आला असता तो कडूला सुसह्य करतो. षड्रसांतले दोन रस इथे एकमेकांना पुसून टाकत नाहीत. घोट घेताना आधी गोड येतं, मागून कडू, आणि जिभेवर शेवटी राहते ती भाजक्या कोकोसारखी कडसर चव.

यानंतरची कृती पिणाऱ्याच्या हातची आहे: ढवळणं. कॉफी गरम असतानाच तळापासून नीट ढवळायची, कारण हे दाट दूध थंड कॉफीत सहजी विरघळत नाही. मगच बर्फ. आणि बर्फ ग्लास काठोकाठ भरेल इतका.

वरवर उधळपट्टी वाटणाऱ्या या बर्फामागे पक्का हिशेब आहे. 80 मिलीलिटर गरम कॉफी आणि 40 ग्रॅम दूध प्यायला सुखद वाटेल इतकं गार करायचं तर साठ-सत्तर ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे जवळजवळ कॉफीइतकंच पाणी तिच्यात नव्याने येतं. साधी कॉफी या पाण्याने केव्हाच मेली असती. ही मरत नाही, कारण 20 ग्रॅम भुकटीचा अर्क तेवढ्याशा पाण्यात उतरवला होता तो हे पाणी गृहीत धरूनच. गरम असताना तो अर्क सोसवणार नाही इतका दाट आणि गोड लागतो. बर्फ त्याला त्याच्या योग्य मापात आणतो. ज्याला आपण पाणी कालवणं म्हटलं होतं, ते या रचनेतलं शेवटचं आवश्यक माप ठरतं.

उणिवेतून चव घडवण्याची ही रीत त्या देशात एकट्या या पेयापुरती नाही. 1946 मध्ये हनोईत दुधाचा तुटवडा असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी अंड्याचं पिवळं फेटून कॉफीवर घातलं, आणि हनोईची अंड्याची कॉफी जन्मली.

आपल्या घरी हे पेय करायला काहीच अडचण नाही. फिन नसेल तर दाक्षिणात्य फिल्टर चालेल, फक्त पाणी कमी घालून डिकॉक्शन दाट काढावं आणि ते गरम असतानाच दुधावर ओतावं. कॉफीसाठी व्हिएतनामकडे पाहण्याचीही गरज नाही: भारतात पिकणाऱ्या कॉफीतला मोठा वाटा रोबस्टाचाच आहे, आणि कोडगू, वायनाडची रोबस्टा या दुधापुढे ठामपणे उभी राहते. चिकोरी न मिसळलेली, गडद भाजलेली भुकटी मागून घ्यावी. साखर वेगळी घालू नये; गोड कमी हवं असेल तर दूधच एक चमचा कमी घ्यावं.

पहिल्यांदा कराल तेव्हा एवढं मात्र करा: ढवळण्याआधी वरच्या काळ्या कॉफीचा एक छोटा घोट घ्या, चमच्याच्या टोकावर तळाचं दूध चाखा, आणि मगच ढवळून बर्फ घाला. सुटे घटक काय होते आणि एकत्र येऊन काय झाले, हे तुमच्याच जिभेवर कळेल, आणि मग दुय्यम म्हणून बाजूला टाकलेल्या रोबस्टाबद्दल तुमचं मत बदलल्याशिवाय राहणार नाही.