अकारादि नांवें

अपत्याचें नांव ठेवण्याची वेळ आली कीं हल्लीं सुशिक्षित घरांतून प्रथम अक्षर ठरतें आणि मग त्या अक्षराचीं नांवें शोधण्यास आरंभ होतो. अक्षरानुक्रमें रचलेल्या नामावल्या याकरितां विपुल उपलब्ध आहेत व त्यांत 'अ' या अक्षराचा वांटा चांगलाच मोठा असतो. अशा नामावल्या वाङ्मयांत जमा होत नाहींत असें समजून टीकाकार त्यांजकडे पाहत नाहींत. आम्हांस हें योग्य वाटत नाहीं. ज्या पुस्तकांतून उचललेला एक शब्द मनुष्य जन्मभर वागवितो, त्याची परीक्षा इतर पुस्तकांहून कमी कसून कां व्हावी?

अक्षराचा हा आग्रह आला अवकहडा चक्रांतून. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकीं चार, असे १०८ चरण; आणि प्रत्येक चरणास एक अक्षर नेमून दिलेलें. कृत्तिकेच्या पहिल्या चरणास 'अ' येतो. पण आर्द्रेच्या तिसऱ्यास 'ङ' आणि हस्ताच्या तिसऱ्यास 'ण' येतो. या अक्षरांनीं आरंभ होणारें नांव आणावयाचें कोठून? जुन्या पिढीस ही अडचण फारशी जाणवत नसे. नावरस नांव पत्रिकेंत राही, आणि बारशाच्या दिवशीं आत्याबाई बाळाच्या कानांत सांगे तें नांव बहुधा आजोबांचें, कुलदैवताचें किंवा आवडीचें असे. अक्षराचा मान पत्रिकेंत राखला जाई, अर्थाचा पाळण्यांत. आज हे दोन्ही मान एकाच नांवांत साधण्याच्या हौसेपायीं दुसरा हरवूं लागला आहे, ही आमची तक्रार आहे.

अकारादि नांवांच्या बाबतींत ही हानि विशेष आहे. अर्जुन, अरुण, अनिल अशीं कांहीं नांवें सोडलीं तर यांतील पुष्कळांचा 'अ' हा नकाराचा आहे. निषेधार्थी 'नञ्' समासांत आला म्हणजे त्यांतील नकाराचा लोप होऊन केवळ 'अ' उरतो, व पुढें स्वर असल्यास त्याचा 'अन्' होतो, हें संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस स्मरत असेल. जो जिंकला गेला नाहीं तो अजित. जो ढळला नाहीं तो अच्युत. ज्यास अंत नाहीं तो अनंत. जिच्या ठायीं मत्सर नाहीं ती अनसूया. तपश्चर्येंत झाडाचें पानहि जिनें वर्ज्य केलें ती अपर्णा. अभय, अक्षय, अमर यांचीहि घडण हीच. हीं नुसतीं नांवें नव्हेत. प्रत्येक एक छोटेखानी वाक्य आहे. भय, क्षय, मृत्यु, पराजय या मनुष्याच्या जुन्या वैऱ्यांस उंबऱ्याबाहेर अडविण्यासाठीं आईबापांनीं उच्चारलेलें तें वाक्य होय. ज्या घरांत मुलें जगत नसत तेथें दगडू, धोंडू अशीं नांवें ठेवीत. त्यांतील धास्ती याच जातीची. शब्द तेवढा निराळा.

आतां नामावल्यांची कामगिरी पाहावी. हल्लीं अतिशय लोकप्रिय झालेल्या 'आरव' या नांवाचा अर्थ अनेक नामावल्यांतून 'शांत' असा दिलेला आढळतो. वस्तुतः संस्कृतांत आरव म्हणजे आवाज, गलबला. 'निःशब्द' हा अर्थ ऱ्हस्वादि 'अरव' या शब्दाचा. एका मात्रेनें अर्थ उलटा झाला. आरव हें नांव वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत नाद आणणाऱ्या बाळास तें शोभेलहि. परंतु ज्यांनीं शांति मागितली त्यांच्या पदरीं गलबला घालणारें पुस्तक विश्वासास पात्र नाहीं. यांत दोष आईबापांचा नसून संपादकांचा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं नांव ही केवळ हांक मारण्याची खूण. अर्थ पाहतो कोण? याचें उत्तर सातारा जिल्ह्यानें दिलें आहे. मुलगा हवा असतां पुन्हां मुलगीच झाली म्हणून जिचें नांव 'नकोशी' किंवा 'नकुशा' ठेविलें, अशा २८५ मुलींचीं नांवें तेथें ऑक्टोबर २०११ मध्यें समारंभपूर्वक बदलण्यांत आलीं. शाळेच्या हजेरीपटावर रोज आपल्याविषयींचा तो निवाडा ऐकणाऱ्या मुलीस नांव ही केवळ खूण आहे हें कोणीं समजावून सांगावें? येथेंहि नकारच आहे. पण 'अभय' या नांवांत तो भयास उद्देशून आहे आणि 'नकोशी'त खुद्द लेकरास. दोन्ही नांवें जन्मदात्यांनींच ठेविलेलीं! एकाच नकारानें लेकरावर पांघरूण घालतां येतें आणि त्यास उघड्यावरहि टाकतां येतें.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, अक्षर पाहावयाचें त्यांनीं खुशाल पाहावें. श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. मात्र नामावलीवर विसंबून न राहतां निवडलेला शब्द एखाद्या जाणत्या कोशांत एकवार पाहून घ्यावा. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालीं प्रसिद्ध झालेला संस्कृत कोश आजहि मिळतो, आणि या कामास अर्धी घटकाहि पुरे होते. मूल पुढें मोठें होऊन आपल्या नांवाचा अर्थ विचारील, तेव्हां त्यास खरें उत्तर देतां आलें पाहिजे.