चिन्ह, नाव आणि श्रद्धा : छत्तीसगडच्या सुवर्णनाण्यांचे एक वाचन

नाण्यावरील चिन्हावरून राजाचा पंथ ठरविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. गरुड दिसला की वैष्णव, नंदी दिसला की शैव. ही पद्धत चिन्हाला एकार्थी मानते. तिचा अपुरेपणा आजच्या रायपूर-बस्तर परिसरातील पाचव्या-सहाव्या शतकांच्या नाण्यांत स्पष्ट होतो.

बस्तरमधील एडेंगा येथे सापडलेली नल राजांची सुवर्णनाणी वा. वि. मिराशी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठविलेल्या या नाण्यांवर वर बसलेला बैल व चंद्रकोर, तर खाली राजाचे नाव आहे. वराहराज, भवदत्त आणि अर्थपती या तिघांचेही चिन्ह एकच. भवदत्ताच्या बाबतीत चिन्ह आणि श्रद्धा जुळतात. विदर्भातील रिद्धपूरच्या ताम्रपटात त्याचे राज्यवैभव महेश्वर व महासेन यांनी दिलेले म्हटले आहे. परंतु विष्णूच्या अवताराचे नाव धारण करणारा वराहराजही बैलच उठवितो. उलट, त्याच वंशातील स्कंदवर्मा शिवपुत्राचे नाव मिरवितो आणि ओडिशातील पोडागढच्या शिलालेखानुसार विष्णूचे स्थान उभारतो.

शेजारच्या शरभपुरीयांचे उदाहरण वेगळे आहे. प्रसन्नमात्राच्या नाण्यावर शंख-चक्रांच्या मधोमध पंख पसरलेला गरुड आहे. याच घराण्याच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर मात्र गजलक्ष्मी. गुप्त नाण्यांवरील गरुड राजाशेजारच्या ध्वजावर बसतो. येथे राजाची आकृतीच नाही; गरुडाने सारा वरचा भाग व्यापला आहे. याला केवळ गुप्तांचे अनुकरण म्हटले, तर हा मांडणीतील बदल नजरेआड होतो. अशाच नाण्यांवरील ‘महेंद्रादित्य’ हे नाव काही अभ्यासकांनी गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताचे मानले, काहींनी स्थानिक राजाचे. हा वाद निव्वळ नाणकशास्त्रीय नाही; प्रांताच्या संहितेचे कर्तृत्व केंद्राकडे द्यावे काय, हा प्रश्न त्यात गुंतला आहे.

तुलनाकारांना ही परिस्थिती अपरिचित नसावी. ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभी गणेशवंदन आहे, म्हणून ज्ञानदेवांना कोणी गाणपत्य ठरवीत नाही. मंगलाचरण हा ग्रंथपरंपरेचा संकेत असतो. तसे नाण्यावरील चिन्ह हे प्रथमतः वंशाचे लांछन असते. म्हणून ते धर्मशून्य होते असे नव्हे. त्यातील श्रद्धा व्यक्तीची नसून राज्याची असते, आणि नाव, मुद्रा व शिलालेख एकत्र वाचल्यावरच या दोहोंमधील अंतर दिसू लागते.