किल्ली कुणाकडे? ‘टच ऑफ ईव्हिल’मधल्या तीन खोल्या

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाचं नाव निघालं की बोलणं पहिल्या शॉटवर येऊन थांबतं. मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो, मोटार गल्ल्यांतून वाट काढत सीमेवरच्या नाक्याकडे निघते, शेजारून एक नवविवाहित जोडपं पायी चाललेलं असतं, आणि सव्वातीन मिनिटं कॅमेरा कुठेही न तुटता या सगळ्यांवरून फिरत राहतो. मोटार अमेरिकेच्या हद्दीत शिरते आणि उडते. शॉट अप्रतिम आहे, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला हा चित्रपट खरा कळला तो हॉटेलांच्या खोल्यांतून. सीमेवरच्या गावात आलेली परकी बाई, तिला मिळालेल्या स्वस्तातल्या, जुनाट खोल्या आणि त्या खोल्यांवर खरा ताबा कुणाचा, हा या चित्रपटाचा गाभा आहे असं मी मानतो.

गावाचं नाव लॉस रोब्लेस. गाव काल्पनिक, बाहेरची बरीच दृश्यं कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस या समुद्रकाठच्या, तेव्हा पार रया गेलेल्या वस्तीत घेतलेली. जोडप्यातला नवरा मिगेल व्हार्गास मेक्सिकोचा अधिकारी, अमली पदार्थांच्या टोळ्यांमागे लागलेला. बायको सूझन अमेरिकन. स्फोट होताच व्हार्गास तपासात गुंततो आणि बायकोला हॉटेलवर जायला सांगतो. इथून पुढे चित्रपटाचे दोन पदर होतात. नवरा रस्त्यांवर, कचेऱ्यांत, पोलिसांच्या मोटारींत. बायको खोलीत.

पहिली खोली मेक्सिकोच्या बाजूची. तिथला प्रसंग छोटा आहे. सूझन कपडे बदलत असताना समोरच्या इमारतीतून कुणीतरी विजेरीचा झोत थेट तिच्यावर टाकतं. ती आधी चिडते, मग खोलीतला दिवा काढून त्या खिडकीच्या दिशेने भिरकावते. खोलीचं दार बंद आहे, कडी लावलेली आहे, आणि तरी खोली तिची नाही. एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर एकटं उतरलेल्या कुणालाही हा अनुभव सांगायची गरज नाही. खिडकीचा पडदा पुरता बंद होत नाही हे आधी लक्षात येतं आणि मग झोप लागत नाही.

सूझन ठरवते की आपल्या देशात जायचं. सीमेपलीकडे, अमेरिकेच्या बाजूला, एखाद्या मोटेलात राहायचं. तिथे भाषा आपली, कायदा आपला. तिला पोचवायला येतो अमेरिकन पोलीस मेंझीस. वेल्सने इथे जो डाव टाकलाय तो मला फार मोठा वाटतो. सुरक्षित म्हणून निवडलेलं हे मिराडोर मोटेल ग्रँडी कुटुंबाच्या मालकीचं आहे, म्हणजे व्हार्गासने ज्यांना अडकवलंय त्याच टोळीचं. ग्रँडीचा धंदा सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. सूझनला सीमा ओलांडून काहीच मिळत नाही, कारण ज्यांच्यापासून पळायचं त्यांनी ती केव्हाच ओलांडलेली आहे.

मिराडोरचं चित्रण सावकाश पाहण्यासारखं आहे. मोकळ्या माळावर उभी असलेली बुटकी बैठी रांग, वारा, आणि सूझनखेरीज एकही गिऱ्हाईक नाही. रसेल मेटीच्या कॅमेऱ्याची भिंगं इतकी रुंद कोनाची आहेत की खोलीत छत सतत दिसत राहतं. खोली अरुंद आणि तरी पोकळ वाटते. सूझनला दिवसाउजेडी झोपायचंय, आणि स्पीकरमधून संगीत काही थांबत नाही. हेन्री मॅन्सिनीचं हे संगीत एरवी पाय थिरकवणारं आहे. इथे ते ऐकताना भिंती जवळ येऊ लागतात.

मग येतो रात्रपाळीचा माणूस. डेनिस वीव्हरने केलेली ही भूमिका काहींना अतिरंजित वाटते. मला ती या चित्रपटातली सर्वांत धाडसी वाटते. पलंगावर चादरी घालायला हव्यात, एवढी साधी गोष्ट. पण बाई खोलीत असताना पलंगाच्या जवळ जाणं त्याला जमत नाही. तो दारात घुटमळतो, बाहेर पळतो, मान वाकडी करून आत बघतो, मी फक्त रात्रीचा माणूस आहे म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला मॅनेजरच्या आधाराची गरज असते. कुणीतरी शुद्धीवर असलेला माणूस काउंटरवर बसलाय, या भरवशावर तर आपण अनोळखी गावात डोळे मिटतो. मिराडोरमध्ये तो माणूसच भेदरलेला आहे. पुढे जे घडतं त्याला तो हातभार लावत नाही आणि अडवतही नाही. वीव्हरचं ते अंग चोरत वावरणं पाहिलं की वाईट कृत्य करणाऱ्यांइतकीच अशा माणसांची भीती वाटू लागते.

बाकीचं काम आवाजांनी होतं. फोनचा स्विचबोर्ड ग्रँडीच्या माणसांच्या हाती गेलेला आहे. सूझनचा बाहेरच्या जगाशी असलेला एकमेव धागा त्यांच्या बोटांखालून जातो. शेजारच्या खोलीतली बाई भिंतीतून कुजबुजत तिच्याशी बोलते, अमली पदार्थांविषयी, जवळजवळ मैत्रिणीच्या सुरात. पातळ भिंतीची ही खोली. भिंतीपलीकडून येणारी ती कुजबुज पुढच्या झुंडीपेक्षा मला जास्त अस्वस्थ करते. टोळीतली माणसं खोलीत शिरतात तेव्हा वेल्स फार काही दाखवत नाही. दार लागतं आणि आपण बाहेर राहतो.

या भागाची एक शोकांतिका चित्रपटाबाहेर घडली. युनिव्हर्सल स्टुडिओने संकलन वेल्सच्या हातून काढून घेतलं, काही दृश्यं दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नव्याने घेतली. स्टुडिओची प्रत पाहून वेल्सने ५८ पानी टिपण लिहिलं. त्यात एक आग्रह असा होता की सूझनचे प्रसंग आणि व्हार्गासचे प्रसंग एकाआड एक गुंफावेत. १९९८ मध्ये वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हा संकलित केला, तेव्हा वेल्सचं म्हणणं किती नेमकं होतं हे दिसलं. नवरा न्यायासाठी धावतोय आणि त्याच घटकेला बायको खोलीत एकटी पडतेय, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर व्हार्गासची सचोटीसुद्धा तपासावीशी वाटते. तो फोन करतो, प्रेमाने बोलतो, पण तिकडे वेळेवर जात नाही.

तिसरी खोली ग्रँडीच्या ‘रिट्झ’ हॉटेलातली. सूझनला औषध देऊन, बेशुद्धीत इथे आणून टाकलंय. ही सीमेची कुठली बाजू, हे विचारायचं आपण एव्हाना सोडून दिलेलं असतं. बाहेरची निऑनची पाटी उघडमीट करते आणि खोली दर खेपेला उजळून विझते. त्या उजेडात अमेरिकन पोलीस अधिकारी क्विनलन, म्हणजे स्वतः वेल्स, ग्रँडीला संपवतो. अकिम टॅमिरॉफचा ग्रँडी दारावरच्या झरोक्याची काच फोडून निसटू पाहतो. हॉटेल त्याचं, खोली त्याची, आणि बाहेर पडायला त्यालाच वाट नाही. सूझनच्या खोल्यांच्या किल्ल्या हाताळणारा माणूस इथे पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या जागी येतो.

खून करून क्विनलन निघतो तेव्हा दाराच्या आतल्या अंगावरची पाटी दिसते. काही विसरलं तर नाही ना आणि किल्ली काउंटरवर ठेवा, अशा अर्थाची, कुठल्याही लॉजवर असते तशी. क्विनलन आपली काठी खोलीतच विसरलाय, आणि तीच पुढे त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरते. वेल्सने पाटीकडे बोट दाखवलेलं नाही. ती नुसती तिथे आहे.

शुद्धीवर आलेली सूझन बाहेरच्या लोखंडी जिन्यावर येऊन ओरडते. खाली रस्त्यावर लोक जमतात. व्हार्गासची उघडी मोटार तिच्या पायांखालून निघून जाते. तो वर बघत नाही.

दोन वर्षांनी सूझन झालेली जॅनेट ली हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये पुन्हा एका आडबाजूच्या मोटेलात उतरली. दोन्हींच्या कलादिग्दर्शनात रॉबर्ट क्लॅटवर्दीचा हात होता. प्रेक्षकांना बेट्स मोटेल आठवतं, मिराडोर फारसं आठवत नाही. ‘सायको’तला धोका एका माणसाच्या मनात आहे. मिराडोरमधला धोका मालकीत, पगारी नोकरीत आणि फोनच्या तारेत आहे, म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

एक तक्रार मात्र करायलाच हवी. तीन खोल्यांतून एवढं सोसलेल्या सूझनला चित्रपट शेवटी बोलू देत नाही. दिवा भिरकावणारी, ग्रँडीला तोंडावर उत्तर देणारी ही बाई अखेर मोटारीत नवऱ्याच्या मिठीत दिसते, दोन-चार शब्द पुटपुटते आणि पडद्यावरून जाते. शेवटचं भाष्य मार्लिन डीट्रिकच्या टान्याला मिळतं, आणि तेही क्विनलनविषयी. व्हार्गासने जिंकलेल्या लढाईची किंमत सूझनने मोजली. तिचं त्यावर काय म्हणणं होतं, हे ऐकायला मला आवडलं असतं.