‘श्रिंक फिल्मचे प्रकार’: हा तक्ता वाचताना कुठे फसायला होतं?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधन आढाव्यात एक तक्ता टाकला होता. विषय होता, उष्णतेने आकसणाऱ्या पॅकेजिंग फिल्मचे प्रकार. डावीकडे पॉलिमरचं नाव, उजवीकडे ‘जास्तीत जास्त आकुंचन’: पीव्हीसी सुमारे ६० टक्के, पीईटीजी सुमारे ७५ टक्के, वगैरे. गाईडनी एवढंच विचारलं, “कुठल्या दिशेला? किती तापमानाला?” मला उत्तर देता आलं नाही. आकडे चुकीचे नव्हते, पण ते कशाचे आकडे आहेत हेच मला माहीत नव्हतं.

पॅकेजिंगवर वाचायला सुरुवात केली की हा तक्ता तुम्हालाही भेटणारच. म्हणून आज त्याचीच चिकित्सा करूया.

आधी त्याची जमेची बाजू. कुठला पॉलिमर कुठे वापरतात हे तो झटकन सांगतो. पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा बांधणारी जाड, थोडी धुरकट फिल्म बहुधा एलडीपीईची असते. डायरी किंवा खेळण्याच्या खोक्यावरची पातळ, चकचकीत फिल्म पॉलिओलेफिनची. बाटलीच्या अंगाला घट्ट बसणारी छापील स्लीव्ह पीव्हीसी, पीईटीजी किंवा ओपीएस, म्हणजे ताणलेल्या पॉलिस्टायरीनची. खरेदी करणाऱ्याला एवढं पुरतं. संशोधन करणाऱ्याला पुरत नाही. त्याची तीन कारणं सांगतो.

पहिलं कारण: आकसणं हा नुसता पॉलिमरचा गुण नाही, तो फिल्मच्या इतिहासाचा गुण आहे. पीईटीजीसारखी फिल्म काच-संक्रमण तापमानाच्या थोडी वर तापवून ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. लांब झालेल्या साखळ्या तशाच गोठतात. पुन्हा उष्णता मिळाली की त्या गुंडाळलेल्या अवस्थेकडे परततात आणि फिल्म आकसते. त्याच पीईटीजीचा न ताणलेला शीट तापवा, तो मऊ पडेल, पण स्लीव्हसारखा आकसणार नाही. मग ७५ टक्के हा आकडा पीईटीजीचा कसा म्हणायचा?

हे घरी बघता येतं. मी एका फ्लेवर्ड दुधाच्या बाटलीची स्लीव्ह उभी कापून काढली. एक तुकडा मानेजवळचा घेतला, एक पोटाजवळचा, आणि दोन्ही चिमट्याने जवळपास उकळत्या पाण्यात धरले. पोटाजवळचा तुकडा आडवा खूप आकसला, मानेजवळचा त्यापेक्षा बराच कमी. उभ्या दिशेला दोघांतही फारसा फरक पडला नाही. फिल्म एकच, पण मानेजवळ ती कारखान्यातच बरीचशी आकसून झाली होती. पोटाजवळ तिचं आकसणं अजून शिल्लक होतं.

दुसरं कारण: किती आकसते आणि किती जोराने आकसते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एएसटीएम डी२७३२ या चाचणीत फिल्मचा तुकडा गरम द्रवात मोकळा बुडवतात आणि लांबी किती घटली ते मोजतात. आकसताना निर्माण होणारा ताण मोजायला डी२८३८ ही वेगळी चाचणी आहे. तक्त्यात बहुधा पहिलीचाच आकडा असतो. प्रत्यक्षात मात्र वस्तू वाकते ती या ताणामुळे. पातळ डायरीवर जास्त जोराची फिल्म चढवली की डायरी कमानीसारखी वाकते. ओपीएसचा जोर तुलनेने कमी, म्हणून नाजूक, पातळ बाटल्यांसाठी तिचा विचार होतो. फक्त टक्केवारी बघून निवड करणाऱ्याला हे कळणारच नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. वापर संपल्यावर काय होतं, याचा रकानाच या तक्त्यात नसतो. पीईटी बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात टाकले की पीईटी बुडतं आणि घनता १ पेक्षा कमी असलेलं पॉलिओलेफिन तरंगतं, त्यामुळे दोन्ही वेगळं करणं सोपं जातं. पीईटीजी आणि पीव्हीसी मात्र पीईटीबरोबरच बुडतात. पीव्हीसी तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं आणि पीईटी खराब करतं. पीईटीजी सुमारे ८० अंशांनाच मऊ पडतं, तर पीईटीचे तुकडे वाळवायचे असतात साधारण १६० अंशांना. मग ते चिकट होऊन गोळे बनतात.

नावात ‘पीईटी’ आहे म्हणून दोन्ही एकत्र चालतील असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून बाटलीवरच्या १ क्रमांकाच्या खुणेसाठी पीईटीची व्याख्याच ठरवून दिली. त्यातली एक अट अशी की वितळण्याचं शिखर २२५ ते २५५ अंशांच्या दरम्यान दिसलं पाहिजे. पीईटीजीचं स्फटिकीकरण जवळपास होत नाही, त्यामुळे डीएससीच्या आलेखात असं शिखर मिळत नाही आणि ते त्या व्याख्येत बसत नाही. जे नावावरून लक्षात येत नव्हतं, ते एका आलेखाने स्पष्ट झालं.

मग तक्ता फेकून द्यायचा का? नाही, दुरुस्त करायचा. पॉलिमरच्या नावापुढे हे रकाने वाढवा: ताणण्याची दिशा, चाचणीचं तापमान आणि वेळ, आकसण्याचा ताण, घनता, आणि ज्या वस्तूवर फिल्म बसते तिच्या पुनर्चक्रीकरणावर होणारा परिणाम. यातले बरेच रकाने सुरुवातीला रिकामे राहतील. राहू द्या. आढाव्यात ते रिकामे रकाने दाखवायला लाजू नका, कारण तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो. माझा तरी तिथेच सापडला.

आणि हो, सिनॉप्सिसमध्ये कुठलीही टक्केवारी लिहिण्याआधी स्वतःलाच विचारा, “कुठल्या दिशेला? किती तापमानाला?” गाईडनी विचारायच्या आधी विचारलेलं बरं!