रक्तस्राव, औषध आणि वेळ : ‘क्रॅश-२’ चाचणीची चिकित्सा

गंभीर अपघातानंतरच्या मृत्यूंमागे अतिरक्तस्राव हे एक प्रमुख कारण असते. रक्त थांबविण्यासाठी शरीर गुठळी तयार करते. परंतु मोठ्या आघातानंतर ती विरघळविणारी प्रक्रियाही बळावते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या प्रक्रियेस अटकाव करते. जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये हे औषध पुढे आणले. आघातातील त्याच्या उपयोगाची मोठी परीक्षा मात्र २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीने घेतली.

४० देशांतील २७४ रुग्णालये आणि २०,२११ रुग्ण ही या चाचणीची व्याप्ती. भारतातील रुग्णही त्यांत होते. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के, तर औषधविरहित द्रावण मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे हजार रुग्णांमागे सुमारे १५ मृत्यू टळले. स्वस्त औषधाचे हे यश निर्विवाद मोठे आहे.

तथापि दोन प्रश्न उरतात. पहिला निवडीचा : रक्तस्राव गंभीर आहे किंवा होऊ शकतो, हा निर्णय डॉक्टरांच्या अंदाजावर सोपविला होता आणि जवळपास निम्म्या रुग्णांना रक्त द्यावेच लागले नाही. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. सरासरीच्या आकड्यात वेळ झाकली गेली. २०११ च्या पुनर्विश्लेषणानुसार पहिल्या तासात औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिल्यास मात्र ते ३.१ वरून ४.४ टक्क्यांवर गेले. हे उपगटांचे निष्कर्ष असल्याने सावधपणे वाचावयास हवेत. पण एकच औषध वेळेनुसार तारक वा मारक ठरू शकते, हा त्यांतील इशारा दुर्लक्षिता येत नाही.

२०२३ च्या ‘पॅच-ट्रॉमा’ चाचणीत औषध रुग्णालयापूर्वीच सुरू केले गेले. त्यात २८ दिवसांतील मृत्यू कमी आढळले. परंतु सहा महिन्यांनंतर समाधानकारक कार्यक्षमतेने जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. वाचलेला जीव आणि सावरलेले जीवन यांतील अंतर त्यातून स्पष्ट होते.

सारांश, ‘क्रॅश-२’ने औषधाची उपयुक्तता सिद्ध केली, त्याचा लाभ मात्र रुग्णवाहिकेच्या वेगावर अवलंबून आहे. जेथे जखमी तीन तासांत उपचारांपर्यंत पोहोचत नाही, तेथे औषधाच्या उपलब्धतेइतकाच रस्त्याचा आणि रुग्णवाहिकेचा प्रश्नही वैद्यकीय मानावा लागेल.